कासव कुणाच्या टेबलावर

आलेल्या बाई काही केल्या बसेनात. भाऊजींनी खुर्ची पुढे सरकवली, रुमालानं पुसली, पुन्हा सरकवली. पण त्यांच्या दारापासून खिडकीपर्यंत नुसत्या येरझाऱ्या चालल्या होत्या. वहिनींचा पायही कधी एका जागी ठरत नाही. त्यामुळे त्या एवढ्याशा खोलीत दोन बायका दोन दिशांनी फिरू लागल्या आणि मधोमध भाऊजी चौकातल्या पोलिसासारखे उभे राहिले.

वहिनी म्हणजे भाऊजींच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ बोटीवर नोकरीला, वर्षातला बराच काळ समुद्रात. वहिनी घराच्या पुढच्या खोलीत खासगी तपासाचं काम करायच्या. भाऊजींची विमा कंपनीतली नोकरी सुटली तेव्हापासून ते त्यांच्या मदतीला होते. मदत म्हणजे दार उघडायचं, चहा टाकायचा आणि जे समजलं नाही ते पुन्हा विचारायचं. "भाऊजींना कळलं की समजायचं, जगाला कळलं," असं वहिनी चारचौघांत म्हणत. हा टोमणा की कौतुक, हे भाऊजींनी कधी विचारलं नाही. उत्तर त्यांना साधारण ठाऊक होतं.

आलेल्या बाईंना सगळं ऑफिस ताई म्हणायचं, कारण त्यांचा धाकटा भाऊ तिथेच कामाला होता आणि तो ताई म्हणायचा. त्याच न्यायानं त्यांचे यजमान सगळ्यांचेच दाजी. या तिघांचं इंटरनेटवर व्हिडिओ गेमचं दुकान होतं. गिऱ्हाइकानं पैसे भरायचे, त्याला एक कोड मिळायचा, त्या कोडनं गेम उघडायचा. आजवर दुकान एकाच चलनात चाललं. दूरदेशीची गिऱ्हाइकं यायची, परक्या चलनातली किंमत बघून आल्या पावली परत जायची. म्हणून धाकट्यानं वर्षभर खपून अशी सोय केली, की ज्यानं त्यानं आपापल्या देशाच्या चलनात पैसे भरावेत. परदेशातल्या बँका आणि एजंट दाजींनी जमवले.

परवा सकाळी ती सोय सुरू झाली, आणि उद्घाटनाचा चहा पिऊन व्हायच्या आत दुकानातल्या सगळ्यात महागड्या गेमचे कोड ढिगानं गेले. सगळे एकाच देशाच्या चलनात, सगळे खोट्या नावांनी. त्या चलनात गेमची किंमत होती सहा हजार. बँकेच्या पावत्या आल्या साठच्या.

"तो गेम एका बाईंनी एकटीनं बनवलाय," ताई म्हणाल्या. "सगळं आयुष्य घातलं त्यात. त्या संध्याकाळी फोन करणार आहेत. कुणी केलं त्याचं नाव सांगा, नाहीतर सगळ्या दुकानावर फिर्याद करते म्हणतात."

चोरलेले कोड कुठे विकायला निघालेत का, हे त्या गेमवाल्या बाई दिवसरात्र शोधत होत्या. अजून एकही कुठे दिसला नव्हता. ताईंचे यजमान मात्र म्हणत होते, की शोधायचं काय त्यात, धाकट्याचं नाव सांग आणि मोकळी हो. पैशांचा सगळा भाग त्यानंच लिहिलेला. पुढच्या महिन्यात ताई त्याला दुकानात बरोबरीचा भागीदार करणार होत्या. आई गेल्यावर त्याला त्यांनीच वाढवलं होतं, त्याच्या शाळेच्या चपलासुद्धा स्वतः निवडून आणल्या होत्या. आता त्याच भावाचं नाव पोलिसात जाईल अशी वेळ आली होती. दात आपलेच आणि ओठही आपलेच.

"त्याला विचारलंत का तुम्ही?" वहिनींनी चालता चालता विचारलं.

ताई थांबल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

*

ऑफिस सायकल दुरुस्तीच्या दुकानावर होतं. खालून सतत ठाकठूक, वर फोनची घंटा, आणि फोन उचलायला कुणीच तयार नाही अशी अवस्था. भिंतीवरचा पंखा मान फिरवता फिरवता मध्येच अडकायचा आणि मग कुणीतरी त्याला चापट मारायचं. रंगाचा वास अजून दरवळत होता. चार खिडक्यांपैकी एकच निळीशार होती, बाकीच्यांचा रंग पोपडे धरून सुटलेला.

ताईंना या रंगाऱ्याचाही राग होता. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सगळ्यांची जेवणं झाल्यावर स्वारी उगवली, त्या कोपऱ्यातली एक खिडकी रंगवली आणि उरलेलं उद्या म्हणून गेली ती गेलीच.

वहिनींनी ताईंना किमतीचं गणित आधी समजावून सांगायला लावलं. भाऊजींनी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं.

गणित तसं साधं निघालं. एकदा एका टिंबाची जागा चुकून मोठा घोळ झाला होता, तेव्हापासून यादीत किंमत लिहिताना टिंब द्यायचंच नाही अशी इथली रीत. पन्नास लिहायचे तर पाच हजार लिहायचे, म्हणजे शेवटची दोन शून्यं सुट्ट्या पैशांची. बँकेलाही आकडा तसाच लागतो. सगळ्या चलनांना हे चाललं. अडलं ते एका चलनाशी, कारण त्या देशात सुट्टे पैसेच नाहीत. नोट म्हणजे नोट, तिच्या पोटात काही नाही. तिथे ती दोन जादा शून्यं खरीच धरली गेली. आधी तपासायला केलेल्या ट्रायलच्या दुकानात सहा हजारांचे सहा लाख झाले, गिऱ्हाइकाला दिसणाऱ्या पानावरही आणि बँकेच्या पावतीवरही. या चलनात यादीत जे लिहू तेच पानावर दिसतं.

"धाकटा म्हणाला, मी नीट केलं," ताई म्हणाल्या. "काय नीट केलं ते दिसतंच आहे. सहा लाखांचे साठ."

"गिऱ्हाइकाला पानावर किती दिसत होते?"

"साठच दिसत असणार. इथून कुणाला बघता येत नाही. ज्या देशातलं गिऱ्हाईक, त्याच देशाचं चलन त्याला दिसतं. ट्रायलचं दुकान आम्ही आदल्या संध्याकाळीच मोडलं होतं."

यादीत आता काय लिहिलंय, असं भाऊजींनी विचारलं. प्रश्न चांगला होता, पण उपयोग झाला नाही. पावत्या बघून एकच गोंधळ उडाला, दाजी ओरडले की तो रकाना पूस आधी, आणि ताईंनी नव्या चलनांचा अख्खा रकाना पुसून टाकला. यादीची प्रत आठवड्यातून एकदा निघते, त्यामुळे जुनी प्रतही नव्हती.

एवढ्यात वहिनींनी दाजींच्या केबिनमधल्या फळीवरून एक लाकडी कासव उचललं. दुसऱ्याच्या वस्तूंना हात लावायची त्यांची ही खोड भाऊजींना अगदी नको व्हायची. कासव मुठीएवढं, पिवळ्या पाठीचं, वापरून गुळगुळीत झालेलं. पोटाच्या कडेला निळ्या रंगाचा एक बारीकसा ओघळ सुकला होता. वहिनींनी तो नखानं खरवडून पाहिला.

"खेळणं नाही ते," ताई म्हणाल्या. मग त्यांनी कासवाची रीत सांगितली. दोघांनी एकाच वेळी दुकानात फेरफार केले की सगळी वाट लागते. म्हणून ज्याच्या टेबलावर कासव, त्यानंच दुकानाला हात लावायचा. कासव दाजींच्या ताब्यात. ते देताना विचारतात, काय बदलणार? नीट उत्तर मिळाल्याशिवाय देत नाहीत. ताईंनासुद्धा मागून घ्यावं लागायचं.

*

धाकटा सामानाच्या खोलीत स्वतःची पिशवी भरत होता. दोन दिवस झोप नसल्यासारखे डोळे, आणि हातातली चार्जरची वायर गुंडाळायची, सोडायची, परत गुंडाळायची. त्यानं सांगितलं ते असं. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सकाळी त्यानं ट्रायलची पावती बघितली, तिच्यावर सहा लाख. त्यानं कासव घेतलं आणि एक सूचना लिहिली, की या चलनात बँकेकडे आकडा पाठवण्याआधी शेवटची दोन शून्यं काप. परत पावती काढली, बरोबर सहा हजार. जेवणाच्या सुट्टीआधी कासव परत केलं.

"पान बघितलंस?"

"पान माझ्याकडे नाही. मी पावत्या बघतो. इथे जो तो आपापलं बघतो."

"मग साठ कसे झाले?"

"तेच तर कळत नाही. सूचना अजून तशीच आहे, उघडून बघा. पण माझ्यावर विश्वास कोण ठेवणार? ताई तर माझ्याकडे बघतही नाही." शेवटचं वाक्य बोलताना त्याचा आवाज फुटला. भाऊजींना तो एकदम खरा वाटला. अर्थात भाऊजींना सगळेच खरे वाटतात, हा त्यांचा जुनाच दोष.

किमती लिहिणारी मुलगी नवीन होती. सगळे तिला किंमतवाली म्हणायचे आणि तिला ते आवडायचं नाही, पण सांगायची हिंमत नव्हती. तिचं टेबल कोपऱ्यात, निळ्या खिडकीला लागून. टेबलावर दोन स्क्रीन, गेमच्या डब्यांची चळत, पाण्याची बाटली. बोट ठेवायला जागा नाही. पेनं, चष्म्याचं घर, डबा असं बाकीचं बिऱ्हाड खिडकीच्या कट्ट्यावर मांडलेलं. किमती लिहायच्या आणि पानं तपासायची हे तिचं काम. पावत्या तिला दिसतच नसत. रीतीप्रमाणे दोन शून्यांसकट किमती लिहिल्या, असं ती म्हणाली. नंतर काही बदललं का, असं वहिनींनी विचारलं. तिनं एकदा दाजींच्या केबिनकडे पाहिलं आणि मान हलवून नाही म्हणाली. बाटलीचं झाकण लावायला मात्र तिला फार वेळ लागला.

दाजी माणूस म्हणून छान होते. त्यांनी चहा मागवला, भाऊजींना पंख्याखालची खुर्ची दिली आणि खाली मान घालून बोलले. धाकटा त्यांना मुलासारखा होता. भागीदारी तर मिळणारच होती, मग एवढी घाई कशाला केली पोरानं? ताईचे हाल बघवत नाहीत, असंही ते म्हणाले.

वहिनी केबिनभर फिरत होत्या. "त्याची सूचना तर बरोबर दिसते म्हणे."

"आज दिसते. मागाहून बदलली असेल. आणि चूक किती बेमालूम ते बघा. गिऱ्हाईक पानावर सहा हजार वाचतंय आणि बँकेत कापले जातायत साठ. असं कोण करू शकतो? बँकेचा भाग ज्यानं लिहिला तोच."

"त्याच्यानंतर कासव कुणी घेतलं होतं?"

"कुणीच नाही. त्यानं जेवणाआधी परत दिलं, त्यानंतर ते या फळीवरून हललं नाही."

भाऊजींनी मान डोलावली. वहिनी चहा तसाच ठेवून बाहेर पडल्या.

*

जिन्यात उभं राहून वहिनींनी भाऊजींना हिशेब करायला लावला. सहा लाख. दोन शून्यं कापा.

"सहा हजार," भाऊजी म्हणाले. "बरोबर आहे की."

"बरोबर आहे ना? मग साठ व्हायला आणखी दोन शून्यं कुठे गेली?"

भाऊजी बोटं मोडत राहिले. खाली कुणीतरी सायकलच्या चाकावर हातोडा घालत होतं आणि प्रत्येक घावाला त्यांना वाटत होतं, आता सुचेल. काही सुचलं नाही. ऊन उतरायला लागलं होतं. गेमवाल्या बाईंचा फोन आता कुठल्याही क्षणी येणार होता. तो पोरगा पिशवी घेऊन समोरच्या पायरीवर येऊन बसला होता आणि बंद दाराकडे बघत होता.

वहिनींनी त्याला तिथेच थांबायला सांगितलं आणि बाकीच्यांना केबिनमध्ये बोलावलं. ताई फोन हातात घट्ट धरून उभ्या होत्या. किंमतवाली दाराला टेकली होती. दाजी खुर्चीत बसून होते. वहिनींनी कासव टेबलाच्या मधोमध ठेवलं.

"ही चूक कुणी एकट्यानं केलेली नाही," त्या म्हणाल्या. "ती दोघांनी मिळून केली, आणि दोघंही प्रामाणिक. यादीत सहा लाख होते. धाकट्याला ते पावतीवर दिसले, त्यानं पावतीच्या वाटेवर दोन शून्यं कापली. हिशेब तिथेच जुळला होता. पण दुसऱ्या कुणालातरी तेच सहा लाख पानावर दिसले. त्या माणसानं यादीतली दोन शून्यं काढली. पान झालं सहा हजारांचं, आणि त्यातलीही दोन धाकट्याच्या सूचनेनं कापली. राहिले साठ. दुखणं एक, औषध दोघांनी दिलं."

"यादीला कुणी हात लावला नाही," दाजी शांतपणे म्हणाले. "कासव इथेच होतं."

वहिनींनी कासव उलटं केलं. "हा निळा रंग कुठला? तो या ऑफिसात एकाच खिडकीला आहे. रंगारी आला जेवणं झाल्यावर; धाकट्यानं त्याआधीच कासव परत दिलं होतं. म्हणजे रंग ओला असताना कासव त्या खिडकीच्या कट्ट्यावर बसलं होतं. तिथे सामान कोण ठेवतं? जिच्या टेबलावर जागा नाही ती."

किंमतवालीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मग सगळं एका दमात बाहेर पडलं. पानावर सहा लाख बघून तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. आपलीच चूक समजून तिनं दाजींकडे कासव मागितलं, काय बदलणार ते सांगितलं आणि शून्यं काढली. दुसऱ्या दिवशी बोभाटा झाला तेव्हा दाजींनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, की हे तुझ्यामुळे झालंय. मी सांभाळून घेतो, तू तोंड उघडू नकोस, नाहीतर नोकरी जाईल.

"तिला वाचवायलाच म्हटलं मी," दाजी म्हणाले. "गरीब मुलगी आहे."

"असेल. पण मग मघाशी धाकट्यावर आळ घेताना म्हणालात, गिऱ्हाईक पानावर सहा हजार वाचतंय. ताईंना वाटत होतं साठ. यादीला हात लागला नसता तर दिसले असते सहा लाख. सहा हजार फक्त त्याच माणसाला सांगता येतात, ज्याला यादी बदलल्याचं ठाऊक आहे. आणि खरी गोष्ट पुढेच आहे. दुकान उघडल्या उघडल्या, नेमक्या त्याच चलनात खरेदी झाली. कुणाला माहीत होतं तिथे साठच कापले जाणार? धाकट्याला नाही, त्याच्या लेखी पावती सहा हजारांची. हिला नाही, ही पावत्या बघतच नाही. प्रत्येकाला आपलीच दोन शून्यं माहीत. चारही शून्यं माहीत होती ती कासव देताना 'काय बदलणार' विचारणाऱ्याला. त्या देशातले एजंटही त्याच्याच ओळखीचे."

भाऊजींना कळलं. म्हणजे जगाला कळलं. त्यांनी ताईंकडे बघायचं टाळलं.

"एकच कोडं उरलं होतं," वहिनी म्हणाल्या. "एवढा माल घेतला, तर विकला का नाही? पैसे करायचे असते तर परवाच बाजारात आला असता. घेणाऱ्याला पैसे नकोच होते. भागीदारीच्या आधी मेव्हण्याची गच्छंती व्हावी, एवढंच हवं होतं."

दाजींचं सगळं लक्ष बायकोकडे होतं.

"एकही विकला नाही," शेवटी ते म्हणाले. "सगळे आहेत. परत देतो. दुकान आपण दोघांनी उभं केलं. त्याला बरोबरीचा वाटा कशाला?"

"मला म्हणायचं होतंत."

"म्हटलं असतं तर ऐकलं असतंस?"

ताईंनी विचार केला. "नाही," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात हातातला फोन वाजला. त्यांनी तो लगेच उचलला. तुमचे सगळे कोड सापडलेत, आज रात्रीच रद्द होतील, तुमचं नुकसान आम्ही भरून देऊ, असं त्यांनी सांगितलं. पलीकडून नाव विचारलं गेलं.

"माझे यजमान," त्या म्हणाल्या. "हो. लिहून घ्या."

दाजींनी कोट उचलला, दारापाशी घुटमळले आणि मेव्हण्याच्या बाजूनं, त्याच्याकडे न बघता, जिना उतरून गेले. खाली हातोडा चालूच होता.

ताई कासव घेऊन बाहेर आल्या. भाऊ तसाच पायरीवर बसला होता, पिशवी मांडीवर. त्यांनी कासव त्या पिशवीवर ठेवलं. काय बोलावं ते सुचेना, तेव्हा इतकी वर्षं ऐकून ऐकून तोंडात बसलेलं तेच बोलल्या.

"काय बदलणार?"

त्यानं कासवाकडे बघितलं. "तू मला एकदाही विचारलं नाहीस, ताई. सगळ्यांना विचारलंस."

"नाही विचारलं. भीती वाटली, तू हो म्हणशील." त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवायला उचलला आणि तसाच राहू दिला. "चुकलं माझं."

मग धाकट्यानं कासव पिशवीवरून उचललं आणि दोन्ही हातांत धरलं.

"आधी दाराचं कुलूप बदलू," तो म्हणाला. "किल्ली त्यांच्याकडे आहे."

ताईंनी मान हलवली आणि त्याच्या शेजारी त्या पायरीवर टेकल्या. सकाळपासून भाऊजींनी त्यांना बसलेलं पहिल्यांदाच पाहिलं.